मदत हवी आहे: गुडघ्यात कूर्चेच्या पेशी बसवण्याआधी हाडाचा खड्डा भरावा का?

धाकटा भाऊ, वय 24, कबड्डी खेळायचा. डाव्या गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या आतल्या टोकाची कूर्चा (सांध्यात हाडावर असणारं गुळगुळीत आवरण) खालच्या हाडासकट सुटली आहे, तिथे खड्डा पडला आहे. एमआरआयनुसार जागा साधारण 4 चौ. सेंमी., खोली 9 मिमी. लिगामेंट, मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) शाबूत. पायाची रेषा सरळ. वजन, साखर ठीक.

फिजिओथेरपी, नी-ब्रेस झालं. गेल्या वर्षी दुर्बिणीतून मायक्रोफ्रॅक्चर (नवी कूर्चा यावी म्हणून हाडाला बारीक छिद्रं पाडणं) केलं, पण काही महिन्यांत परत सूज. आता जिना उतरताना गुडघा अडकतो, भिंत धरून थांबावं लागतं. त्याच्याच कूर्चेचा तुकडा काढून, प्रयोगशाळेत पेशी वाढवून काही आठवड्यांनी बसवायचं ठरतंय. आधी मायक्रोफ्रॅक्चर झालेल्या गुडघ्यात हे अपयशी ठरण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून फार काळजी वाटते.

पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन), जेलची इंजेक्शनं किंवा सांधेबदल कृपया सुचवू नका. या वयात सांधा वाचवायचाच आहे.

एक डॉक्टर म्हणतात, कंबरेच्या हाडातला थोडा भाग काढून खड्ड्यात भरू आणि त्याच वेळी वर पेशी बसवू. दुसरे म्हणतात, आधी हाड भरू द्या, पेशी नंतर. एवढ्या खोल खड्ड्यात कोणी काय केलं, आणि हाड नीट धरल्याची खात्री कशावरून केली?