ग्रे न वापरता फक्त काळ्या-पांढऱ्यात टेक्स्चर कसं दाखवायचं?

शाईदौत:
नमस्कार मंडळी, सध्या नुसत्या काळ्या शाईने टेक्स्चर काढायची प्रॅक्टिस चालू आहे, ग्रे अजिबात नाही. पण झाडाची साल काढायला घेतली की प्रत्येक खवल्याभोवती आउटलाइन मारली जाते आणि शेवटी सगळं जाळीसारखं दिसतं, खडबडीतपणा येतच नाही. काय करू?

काजळरेघ:
आउटलाइन सोड, सावल्या काढ. उंचवट्याची एक बाजू उजेडात असते, दुसरी अंधारात, आणि शिवाय तो शेजारच्या भागावर सावली टाकतो. ती अंधाराची बाजू आणि ती सावली, एवढंच काळं भर, उजेडाकडची कड काढूच नको, डोळा ती आपोआप जुळवून घेतो. सालीचा तुकडा टेबलावर ठेव आणि दिवा एका बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीला आण, म्हणजे बारीकशी खाचसुद्धा लांब सावली टाकेल. समोरून उजेड दिलास तर तीच साल सपाट दिसते. मग डोळे बारीक करून बघ, जे गडद आकार उरतील तेवढेच कागदावर.

ठिपका२२:
वरचं एकदम बरोबर, फक्त टेक्स्चर सगळीकडे सारखं भरू नकोस. खोड गोल आहे ना, मग जिथे उजेड संपून अंधार सुरू होतो त्या पट्ट्यात सगळ्यात जास्त टेक्स्चर दिसतं. भर उजेडात चार-दोन ठिपके बास, आणि पूर्ण अंधाराच्या बाजूला सरळ काळं करून टाक, तिथल्या खाचा एकमेकींत मिसळू देत. ड्युरर या जर्मन चित्रकाराचं १५१५ चं गेंड्याचं वुडकट (लाकडाचा ठोकळा कोरून छापलेलं चित्र) बघ, त्यात छापलेला ग्रे नाहीच, नुसत्या काळ्या रेघा आणि कोरा कागद, तरी कातडं कसलं जाड वाटतं!

शाईदौत:
हे भारी आहे, आजच दिवा खाली आणतो. पण मग गुळगुळीत वस्तू? स्टीलच्या चमच्यावर तर असल्या सावल्याच नसतात.

काजळरेघ:
चमच्यात सावली नाही, आजूबाजूचं प्रतिबिंब काढायचं. काळ्याला लागूनच पांढरं, मधे काहीच नाही, आणि कडा अगदी स्वच्छ, वस्तूच्या वळणाबरोबर वळलेल्या. चमक म्हणजे कोरा कागद, त्यामुळे ती जागा आधीच पेन्सिलने आखून ठेव आणि शाई तिथे जाऊच देऊ नकोस. मॅट वस्तूला उलट, तिथे काळ्याची कड तुटक ठेवायची, ठिपके विरळ करत उजेडाकडे न्यायचे. चमचा आणि साल शेजारी ठेवून एकाच दिव्यात काढ आणि इथे टाक, बघू.