जपान: ऑफिसचं काम, मग फिरणं, मध्ये एक जेवण (मदत हवी आहे, तातडीने)

चाकणची_चाळण | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात ऑफिसच्या कामाने जपानला चाललोय. काम शुक्रवारी, २० तारखेला संपतं. सोमवारी २३ ला तिथे सुट्टी आहे, मंगळवारी परतीचं विमान. बायको शुक्रवारी येऊन मिळेल. शनि-रवि-सोम कुठे जावं ते सांगा. ट्रॅव्हल डेस्कवाल्याला उद्या दुपारपर्यंत उत्तर हवंय, त्यामुळे "जुने धागे वाचा" असे प्रतिसाद नकोत. वाचलेत. सगळे एप्रिलमधले आहेत. शुक्रवारी रात्री तिथल्या साहेबांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलंय, तेही जरा अडचणीचंच आहे.

गल्ली_नंबर_सात | रात्री ११:५२

टोकियो. डोळे झाकून. आसाकुसा, स्कायट्री, शिबुया, एक दिवस हाकोने करून फुजी. राहायला निशिकासाई बघा, तिथे आपली माणसं भरपूर, किराण्यापासून डोशापर्यंत सगळं मिळतं.

सखूची_चूल | रात्री ११:५८

काम कुठल्या शहरात आहे? जपान म्हणजे काय सदाशिव पेठ आहे का?

चाकणची_चाळण | मंगळवार, रात्री १२:०५

नागोयाजवळ करिया. गाड्यांचे सुटे भाग म्हटल्यावर अजून कुठे असणार!

सखूची_चूल | रात्री १२:०७

सुटे भाग तुम्ही आत्ता म्हटलंत.

रेल्वेवेडा_ठाणेकर | रात्री १२:२०

नागोया असेल तर काम सोपं आहे. रेल्वे पास घ्या आणि सुटा. शनिवारी हिदा एक्स्प्रेसने ताकायामा, तिथून बसने शिराकावागो. उतरत्या छपरांची ती गवती घरं १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. रविवारी क्योटो, सोमवारी हिरोशिमा. आम्ही असंच केलं होतं. आयुष्यात विसरणार नाही.

कागदपत्री_काका | सकाळी ६:४०

सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाला, आधी २९,६५० होता. नागोया ते क्योटो नोझोमी बुलेट ट्रेनने एका बाजूचे साधारण सहा हजार. हिशोब तुम्हीच करा. ठाणेकर जुन्या भावाच्या आठवणी सांगतायत.

आता मुद्द्याचं. व्हिसा कुठला काढताय? बायकोचा पर्यटनाचा असेल तर २०२४ पासून ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस ह्या व्हिसा केंद्रामधूनच. विमानतळावर तो मोबाईलवर चालू इंटरनेटवर उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा छापील कागद चालत नाही. त्यांच्या फोनचं रोमिंग आधी बघा. तुम्हाला ई-व्हिसा नाही, कारण तुम्ही कामाला जाताय. तुमच्या अर्जाला तिथल्या कंपनीचं निमंत्रणपत्र आणि रोजच्या रोजचं वेळापत्रक लागेल. त्या वेळापत्रकात शनिवार ते मंगळवार हे दिवस लिहिलेले हवेत, कुठल्या हॉटेलात राहणार ते पण. बिझनेस व्हिसावर दोन दिवस फिरायला काही हरकत नसते, पण कागदावर तुम्ही शुक्रवारी गायब झालात असं दिसता कामा नये. आणि कंपनीचा विमा शनिवारपासून लागू आहे का, हे विचारा. बहुतेक नसतो.

चाकणची_चाळण | सकाळी ८:१५

काका, विम्याचं डोक्यातच आलं नव्हतं, आज विचारतो. ठाणेकर, हिरोशिमा जमणार नाही, बायकोला पळापळ नको आहे. तिला चेरीचा बहर बघायचाय. नोव्हेंबरात नसतो हे सांगून थकलो.

सात_वाजताची_लोकल | सकाळी ८:३०

हा हा, वहिनींना एप्रिलमध्ये परत न्या.

अवांतर: जपानी बाग बघायची तर सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान आहेच, ओकायामाच्या कोराकुएनवरून केलेलं. तिकीटही परवडतं.

आइचीची_मावशी | सकाळी ९:०५

हसू नका. नोव्हेंबरात चेरी फुलते, आणि नेमकी तुमच्याच भागात. टोयोटा शहराच्या डोंगराकडच्या बाजूला ओबारा म्हणून आहे. तिथली शिकिझाकुरा वर्षातून दोनदा फुलते, वसंतात थोडी आणि नोव्हेंबरात जोरात. फूल लहान, फिकट गुलाबी, लांबून बघितलं तर झाडावर धूळ बसल्यासारखं वाटतं, जवळ गेल्याशिवाय कळत नाही. पण मागे लाल मोमिजी (मेपल) असतात आणि पुढे ही चेरी. असं एका फोटोत दोन्ही दुसरीकडे फारसं मिळत नाही. टोयोटाशी स्टेशनवरून बस आहे. बसच्या वेळा आधी काढून ठेवा, परतीची चुकली तर डोंगरात बसाल.

शेजारच्या आसुके गावातलं कोरानकेइ पण मेपलसाठी नावाजलेलं, चारेक हजार झाडं. पण त्या शनि-रविवारी रस्ता इतका तुंबतो की बसमध्येच दुपार होते. मी असते तर ओबारा आधी.

बाकी सोमवारच्या सुट्टीबद्दल यजमान कंपनीला विचारलंत का? आमच्याकडे गाड्यांच्या कंपन्या आणि त्यांना माल देणारे सरकारी सुट्ट्या पाळतातच असं नाही. त्या दिवशी कारखाना चालू ठेवतात आणि गोल्डन वीक (एप्रिल-मे), ओबोन (ऑगस्ट), नवीन वर्ष ह्या रजा लांबवतात. लोक त्याला टोयोटा कॅलेंडर म्हणतात.

रेल्वेवेडा_ठाणेकर | सकाळी ९:४०

ओबारा कोणी ऐकलेलं नाही. पहिल्यांदा जपानला जाणारा माणूस शिराकावागो सोडून बसने डोंगरात धुळीसारखी फुलं बघायला जाईल का? प्राधान्यक्रम असतो की नाही?

आइचीची_मावशी | सकाळी ९:५५

शिराकावागोचे ते बर्फातले फोटो जानेवारी-फेब्रुवारीतले. नोव्हेंबरअखेर बहुतेक वेळा ओल्या गवताची छपरं आणि छत्र्या. नागोयाहून जाऊन येऊन दिवस जातो, त्यातला निम्मा बसण्यात. ज्याला जायचं त्याने जावं, पण ह्यांना पळापळ नको आहे असं ह्यांनीच लिहिलंय. वाचा.

निहोंगो_एन५ | सकाळी १०:२०

जाण्याआधी थोडी जपानी भाषा शिकून घ्या, खूप फरक पडतो. मी ऑनलाईन क्लास घेते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सखूची_चूल | सकाळी १०:३१

जेवणाची अडचण काय आहे ते कोणी विचारलंच नाही. आणि चाळणभाऊ सांगतही नाहीयेत.

चाकणची_चाळण | सकाळी ११:१०

दोन बातम्या. एक, मावशी म्हणाल्या तेच. सोमवारी त्यांचा कारखाना चालू आहे, आणि "सकाळी येता का, एक लाईन बघायची राहिली असेल तर" असं विचारलंय. नाही म्हणता येणार नाही. म्हणजे सोमवारी बायको एकटी.

दोन, जेवण. साहेबांनी नागोयाचं प्रसिद्ध वामीचं हॉटेल धरलंय, हित्सुमाबुशी का काय ते. मी सगळं खातो. बायको इचलकरंजीची, शाकाहारी, अंडंही नाही, दूध-दही चालतं. आता नाही म्हटलं तर त्यांचा अपमान होईल ना? पुढच्या वर्षीच्या ऑर्डरवर सही त्यांची असते.

गल्ली_नंबर_सात | सकाळी ११:१८

अपमान होणारच. वहिनींना सांगा, प्रवासाने पोट बिघडलंय म्हणायचं आणि भात-लोणचं खायचं. आम्ही नेहमी असंच करतो.

आइचीची_मावशी | सकाळी ११:४५

असं मुळीच करू नका. वामीच्या हॉटेलात वाम सोडून काही नसतं. भाजलेली वाम चिरून भातावर पसरलेली, तोच भात लाकडी भांड्यात येतो, आधी तसाच खायचा, मग कांद्याची पात आणि वासाबीबरोबर, शेवटी वर गरम दाशी, म्हणजे सूपाचं पाणी, ओतून. भातावर सॉस आधीच मुरलेला असतो, त्यामुळे "नुसता भात द्या" म्हणून सुटका नाही. बरोबरचं सूपसुद्धा वामीच्या काळजाचं असतं. लोणच्याच्या दोन फोडींवर त्या बिचारीने दोन तास काढायचे, आणि यजमान बघणार की पाहुणी जेवत नाही. अपमान तेव्हा वाटतो.

आजच कळवा. इथे आधी सांगितलेलं सगळ्यांना आवडतं, ऐनवेळी ताटावर सांगितलेलं कोणालाच आवडत नाही, कारण स्वयंपाकघरात तेव्हा काही बदलता येत नाही. आणि नुसतं "शाकाहारी" लिहू नका. तेवढ्याने मासे नकोत हेही लक्षात येत नाही, आणि दाशी तर कोणी मोजतच नाही. असं लिहा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, कात्सुओबुशीचं (सुक्या माशाचं) दाशी नाही, दूध, दही, लोणी चालतं, कोंबू (समुद्री शेवाळ) किंवा शिताके (अळंबी) ह्यांचं दाशी चालेल. मिसो सूप, उदोन, तेम्पुराबरोबरचा सॉस, सगळ्यात सुक्या माशाचं पाणी असतं. वरून पाहून कळत नाही.

सखूची_चूल | दुपारी १२:०२

मावशींना अनुमोदन. आणि सात नंबर, पोट बिघडलंय म्हटल्यावर जपानी माणूस डॉक्टर शोधायला लागेल.

गल्ली_नंबर_सात | दुपारी १२:०९

आम्हाला कोणी डॉक्टर शोधून दिला नाही.

कागदपत्री_काका | दुपारी १२:१५

वेळापत्रक त्यांच्याकडूनच येणार आहे, त्याच मेलमध्ये जेवणाचं लिहून टाका. वेगळा मेल केला तर उगाच मोठी गोष्ट वाटते.

खमंग_खाऊगल्ली | दुपारी १:३०

इतकं घाबरायला नको. कोको इचीबान्याच्या करीमध्ये प्राण्यांचं काही न घातलेला एक प्रकार असतो, आणि कंपनी त्याच आइचीतली. इंडो-नेपाळी हॉटेलं तर जिथे तिथे आहेत, ताटाबाहेर लोंबणारा नान. नागोयाला सकाळी कॉफीबरोबर टोस्ट फुकट देतात, वर आझुकी ह्या लाल कडधान्याचं गोड सारण लावलेला ओगुरा टोस्ट मागा. त्याबरोबर उकडलेलं अंडं येतं, ते नवऱ्याने खायचं.

चाकणची_चाळण | दुपारी १:५०

मेल पाठवला. डेस्कवाला बोंबलतोय. शनिवार क्योटो, रविवार ओबारा, मुक्काम नागोयातच, असं ठरवू का? क्योटोत हॉटेलचे आकडे बघून घाम फुटला.

आइचीची_मावशी | दुपारी २:१०

तसंच करा. त्या शनि-रविवारी क्योटोत राहणं म्हणजे पैसेही जातात आणि खोलीही मिळत नाही. नोझोमीने पस्तीसेक मिनिटं. सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी पकडा, क्योटो स्टेशनवरून नारा लाईनने इनारी स्टेशन, पुढ्यातच फुशिमी इनारीचं देऊळ. चोवीस तास उघडं, तिकीट नाही. साडेसातच्या आत तोरीइंच्या (लाल कमानींच्या) रांगेत शिरलात तर चालायला जागा असेल, दहानंतर फक्त डोकी. दुपारी कियोमिझूच्या देवळाच्या वाटेला जाऊ नका. एखादी छोटी बाग गाठा आणि संध्याकाळी परत या. शुक्रवारी विमान सेंट्रेअरला, म्हणजे नागोयाच्या विमानतळावर, उतरणार असेल तर वहिनींना मेइतेत्सु रेल्वेची म्यू-स्काय गाडी घ्यायला सांगा, अर्ध्या तासात नागोया स्टेशन.

आणि सोमवारी वहिनींना वाऱ्यावर सोडू नका. इचलकरंजीच्या म्हणालात ना? मग टोयोटाचं उद्योग संग्रहालय. नागोया स्टेशनपासून एका स्टॉपवर साको, तिथून थोडं चालत. लोक गाड्या बघायला जातात, पण एक मोठं दालन मागांचं आहे. साकिची टोयोडाने १९२४ मध्ये काढलेला स्वयंचलित माग, धोटा बदलायला न थांबणारा, तिथे माणसं चालवून दाखवतात. कापसाची बोंडं, चाती, सूत कातणं, सगळं समोर. खडखडाट ऐकून तिला घर आठवेल. सोमवारी एरवी बंद असतं, पण २३ ची सरकारी सुट्टी असल्यामुळे उघडं राहतं, मंगळवारी बंद. जाण्याआधी त्यांच्या साईटवर एकदा खात्री करा.

चाकणची_चाळण | दुपारी २:३५

सासऱ्यांचे यंत्रमाग होते. हे तिला सांगितलं तर मला क्योटोलाही एकट्यालाच पाठवेल.

सात_वाजताची_लोकल | दुपारी ३:००

नागोयाजवळ सेकी म्हणून गाव आहे, तिथले स्वयंपाकाचे चाकू एक नंबर. येताना माझ्यासाठी एक आणाल का? चेक-इन सामानात टाकायचा. पैसे देईन.

सखूची_चूल | दुपारी ३:०४

ऑर्डर मिळवायला चाललेत, किराणा आणायला नाही.

चाकणची_चाळण | बुधवार, सकाळी १०:२०

साहेबांचं उत्तर आलं. वाम रद्द. टोफूच्या जेवणाचं ठिकाण धरतायत, दाशी कोंबूची करायला सांगितलीय, आणि आधी कळवलंत ते बरं झालं असं दोनदा लिहिलंय. विचारलंय की मध चालतो का, आणि पहिल्या पेल्याला बायको काय घेईल. चालतो ना मध?

आइचीची_मावशी | सकाळी १०:४०

ते मला काय विचारता, बायकोला विचारा. पेल्याला ऊलाँग चहा लिहा. आणि चिक्कीचे सुटे गुंडाळलेले तुकडे न्या, त्यांच्या सगळ्या विभागाला पुरतील इतके.