गुडघे दुखणाऱ्या बाबांना घेऊन एका दिवसात कुठला डोंगर?

ऐरोली_सेक्टर_८

मंडळी, नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल.

बाबा ६९ वर्षांचे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. आम्ही लहान असताना सुट्टीच्या दिवशी मला आणि भावाला घेऊन आसनगावला उतरायचे आणि माहुली चढवायचे. डोंगराची ओढ मला लागली ती त्यांच्यामुळेच.

गेल्या जानेवारीत मीच हौसेनं त्यांना एका ग्रुपबरोबर पाठवलं. ग्रुपचं नाव लिहीत नाही. साठेक माणसं, लीडर दोनच. चढून गेले मजेत. उतरताना घसाऱ्यावर पाय दोनदा सटकला, गुडघा आखडला आणि ते मागे पडले. एक लीडर केव्हाच खाली गाडीपाशी, दुसरा आणखी कुणाला तरी सांभाळत होता. शेवटचा टप्पा बाबा बसून बसून उतरले, अंधारात, मोबाइलच्या उजेडात. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "आता बास."

त्यांचे ट्रेकचे बूट बाल्कनीत आहेत. दर रविवारी काढतात, फडक्यानं पुसतात, परत कोपऱ्यात ठेवतात. मला ते बघवत नाही.

डॉक्टरांनी गुडघ्यांची झीज सांगितली आहे, पण चालणं थांबवू नका असंही बजावलंय. बीपीची एक गोळी चालू आहे. लेक सहावीत, ती कुठेही चढेल. गाडी नाही, लोकल आणि बस. सकाळी निघून रात्री घरी. बागेत फिरायला न्या असं कृपया सुचवू नका, त्यांना डोंगरच हवा आहे.

कळवेकर

ताई, येऊरपासून सुरुवात करा. ठाणे स्टेशनहून टीएमटीची बस थेट वर पाटोणापाड्यापर्यंत नेते, म्हणजे घाटाची डांबरी चढण वाचते. आहे ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच ठाण्याकडची बाजू, त्यामुळे जंगलातल्या वाटेवर जायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. बिबट्याचं रान आहे. पहाटेच्या अंधारात किंवा संध्याकाळी उशिरा रेंगाळू नका, लेकीला पुढे एकटी धावू देऊ नका. दिवसा, मळलेल्या वाटेनं, गप्पा मारत गेलात तर काळजी नाही.

२०२४ च्या पावसाळ्याअखेरीस कारवी फुलली होती तेव्हा यायला हवं होतं. आख्खा उतार जांभळा. आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून झाली की वाळून जाते. आता थेट २०३२. बाबांना तेव्हाही घेऊन या.

शनिवारवाट

कलावंतिणीचा सुळका! पनवेलहून ठाकूरवाडी, तिथून प्रबळमाची. दीड-दोन तासांत माचीवर. कातळात खोदलेल्या त्या पायऱ्या एकदा तरी बघायलाच हव्यात. काकांना माहुलीची सवय आहे म्हणजे जमेल.

रात्रपाळी

ऐरोलीकर ताई, मी नर्स आहे, वाशीत. आठवड्याची सुट्टी मधल्या वारी येते, त्यामुळे गेली बावीस वर्षं मी एकटी नाहीतर एखाद्या मैत्रिणीला घेऊन, बसनंच डोंगरात जाते. त्यातली अकरा वर्षं हाडांच्या वॉर्डात काढली आहेत, म्हणून गुडघ्यांबद्दल दोन शब्द हक्कानं लिहिते.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. बाबा चढले मजेत, अडले ते उतरताना. झिजलेल्या गुडघ्याचं असंच असतं. चढताना धाप लागते, मांड्या भरून येतात, पण सांध्याला मार कमी बसतो. उतरताना मात्र दर पावलाला अंगाचं वजन गुडघ्याच्या वाटीवर येतं, आणि मांडीचा स्नायू ताणलेल्या अवस्थेतच ब्रेक लावत राहतो. तो थकला की पाय लटपटतो, आणि मग घसारा आपलं काम करतो. बाबा कमकुवत झाले म्हणून सटकले नाहीत. त्यांचा ब्रेक थकला होता आणि कुणी थांबून त्यांना वेळ दिला नाही. त्यांना हे या शब्दांत सांगा, मनातलं ओझं उतरेल.

शनिवारवाट, कलावंतीण मलाही प्रिय आहे. पण जितक्या पायऱ्या चढायच्या तितक्याच उतरायच्या, कडेला धरायला काही नाही, आणि खाली उतरायला दुसरा मार्ग नाही. या बाबांसाठी ती नको.

त्यांना अशी वाट हवी की चढायचं आपल्या पायांनी आणि उतरायचं गाडीनं. आपल्या भागात अशी एक सोन्यासारखी वाट आहे. धोदाणीहून माथेरान.

ऐरोलीहून थेट पनवेल लोकल पकडा. पनवेलहून धोदाणीला बस आहे, फेऱ्या मोजक्याच, म्हणून आदल्या दिवशी वेळ विचारून ठेवा. बस गाढी नदीच्या खोऱ्यानं, देहरंग धरणाच्या अंगानं, मालडुंग्यावरून आत जाते. धोदाणीत उतरलात की माथेरानचा डोंगर समोर भिंतीसारखा उभा दिसतो आणि वाटतं, एवढं? घाबरू नका. गावातली माणसं भाजी, दूध घेऊन याच वाटेनं माथेरानच्या बाजारात जात आली आहेत. चढ सहाशे-साडेसहाशे मीटरचा असेल. सवयीची माणसं दोन-अडीच तासांत वर जातात, तुम्ही चार धरा. वाट थेट सनसेट पॉइंटला निघते. चढताना पाठीमागे प्रबळगड आणि कलावंतिणीचा सुळका सतत सोबत असतो, थांबायला छान निमित्त.

आणि वर पोचलात की उतरायचंच नाही. झाडाखालच्या तांबड्या मातीच्या रस्त्यानं रमतगमत बाजारपेठ गाठायची, जेवायचं, मग अमन लॉज स्टेशनपर्यंत मिनी ट्रेनची शटल किंवा घोडा, दस्तुरी नाक्यावरून टॅक्सी, नेरळहून लोकल, ठाण्याला बदलून ऐरोली. ज्या वाटेनं गेलो तिनं परत यायचंच नाही. सनसेट पॉइंटलाच बाबा थकले तर तिथेही घोडेवाले असतात.

या वाटेवर मला चढायला शिकवलं एका म्हाताऱ्या ठाकर बाईनं. मी तिशीत होते, तरातरा जात होते आणि दर वळणावर कमरेवर हात ठेवून उभी राहत होते. तिच्या डोक्यावर भाजीची पाटी, पायात साध्या रबरी चपला. मी तिला तीनदा मागे टाकलं आणि तिन्ही वेळा ती मला येऊन मिळाली. शेवटी म्हणाली, "बाय, टाच टेकव. चवड्यावर नको नाचू." मग मी तिच्या मागून तिचे पाय बघत चालले. आख्खं पाऊल जमिनीला. पाऊल टेकलं की क्षणभर मागचा पाय सरळ, सगळं वजन हाडांवर, तेवढीच स्नायूला विश्रांती. मग पुढचं पाऊल, वीतभरच. उंच दगड आला की त्यावर न चढता बाजूनं वळसा. संपूर्ण चढात ती एकदाही थांबली नाही. आज वॉर्डातल्या पेशंटना जिना चढायला शिकवते ती तिचीच चाल. बाबांना आणि लेकीला दोघांनाही हे शिकवा, लेकीला जास्त.

आता जायच्या आधीचं. बाबांना एकदम धोदाणीला नेऊ नका. पहिल्या आठवड्यात पारसिक हिल. बेलापूर स्टेशनहून चालत जाता येतं, डांबरी चढ आहे, सकाळी फिरणारी माणसं असतात. चढताना त्यांच्याशी बोलत राहा. धाप न लागता एक आख्खं वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर. दोनच शब्दांत उत्तर येऊ लागलं की थांबा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. घरचा जिना उतरताना कठडा धरावा लागला का, गुडघा सुजला का, ते बघा. नसेल तर पुढच्या आठवड्यात कर्नाळा. पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी थांबते. किल्ल्यावर जाऊ नका, तो उतार वाईट आहे आणि सुळक्याला आग्या मोहोळं असतात. खालच्या जंगलातली हरियाल नावाची वाट करा. वाटेत शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म १८४५ साली तिथला. लेकीला बसमधून दाखवा.

बीपीची गोळी पहाटे निघायच्या गडबडीत राहते, हे मी कितीदा पाहिलंय. रोजच्या वेळेला ती पोटात जायलाच हवी. उपाशी चढू नका. माणशी तीन लिटर पाणी, एकात मीठ-साखर-लिंबू. पायाची नखं दोन दिवस आधी कापा. काठी हवीच.

आणि ते बूट. वर्षभर बाल्कनीत आहेत ना? आपल्या दमट हवेत पडून राहिलेल्या बुटांचे सोल सुटतात, वरून कळतही नाही. बूट पुसून चालत नाही, घालून चालायला हवं. पारसिकला तेच घालून जाऊ द्या.

गाढी_काठ

रात्रपाळी ताईंनी नीट लिहिलंय, इथला म्हणून थोडी भर घालतो. पावसाळा संपल्यावर वाट स्वच्छ असते, पण मधे ढोरवाटा फुटतात. शंका आली की पुढे जायचं नाही, मागे येऊन गावकऱ्याची वाट बघायची. गावातून एखादा माणूस बरोबर घेतलात तर फारच उत्तम, त्याच्या दिवसाचे पैसे आधी ठरवा आणि हातचं राखू नका. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हाच काळ. मार्चनंतर हा उतार तापतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये या रांगेत वयस्कर माणसांना घेऊन येऊ नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. ती वाडी इथून लांब नाही, आमच्या नात्यागोत्याची माणसं त्या भागात आहेत. पावसातले धबधबे बघायला येणाऱ्यांना मी दरवर्षी हेच सांगतो.

वर माकडं पिशवी हिसकावतात, खाऊ बाहेर काढू नका. बाबांना गोष्ट सांगायची तर, माथेरान इंग्रजांना सापडलं १८५० साली आणि सापडलं ते आपल्या ठाण्याच्या कलेक्टरला, मॅलेट त्याचं नाव. पण ठाकर, धनगर, कातकरी तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून वावरत होते.

ऐरोली_सेक्टर_८

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी ताई, एकच विचारते. अर्ध्यावर नाही जमलं तर? तेव्हा तर उतरावंच लागेल ना?

रात्रपाळी

बरोबर विचारलंत. म्हणून निर्णय पहिल्या तासातच घ्यायचा. एक तासानं बसा, पाणी प्या, दहा मिनिटांनी बाबांना उभं करून तिथेच दहा पावलं खाली उतरायला सांगा. पाय थरथरला किंवा गुडघ्यात कळ आली तर तिथूनच परत, तेवढा उतार झेपेल. ठीक असेल तर पुढे. आणि हे आधीच, घरी बसून ठरवा. डोंगरावर कुणीही माघार घ्यायला तयार होत नाही, बाप तर नाहीच. छातीत दडपण, घाम, चक्कर असं काही वाटलं तर मात्र तास बघायचा नाही, तिथल्या तिथे थांबायचं आणि मदत बोलवायची.

ऐरोली_सेक्टर_८

पाच आठवड्यांनी लिहिते आहे.

पारसिक हिलला अर्ध्या चढावर उजव्या बुटाचा सोल टाचेकडून उघडला. आतला भाग पिठासारखा भुगा होऊन रस्त्यावर सांडत होता. बाबा खाली बसले, तो भुगा बोटांत चोळून बघितला आणि म्हणाले, "माझ्या गुडघ्यासारखाच झालाय." मग रुमालानं बूट बांधला आणि त्याच बुटात वरपर्यंत आले. त्याच संध्याकाळी ठाण्यात जाऊन नवे घेतले. जुने त्यांनी स्वतःच्या हातानं टाकले.

कर्नाळ्याला दुसऱ्या दिवशी जिन्याचा कठडा धरावा लागला नाही. मी चोरून बघत होते.

गेल्या बुधवारी रजा टाकून धोदाणीला गेलो. गावातला एक मुलगा बरोबर घेतला. एका तासानं दहा पावलं उतरून दाखवायला सांगितली तर बाबांनी पंधरा उतरून दाखवली. मग मात्र त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. टाच टेकव, टाच टेकव, असं लेकीला सांगत स्वतःच्या लयीत चालत राहिले. वर पोचायला चार तास वीस मिनिटं लागली. सनसेट पॉइंटच्या कठड्यापाशी त्यांनी पाण्याची बाटली उघडली, प्यायले नाहीत, आधी नव्या बुटांवरची धूळ ओल्या बोटानं पुसली. मग प्रबळगडाकडे बघत बराच वेळ उभे राहिले. लेकीनं विचारलं, "आजोबा, दमलात?" तर तिला माहुली कुठल्या दिशेला आहे ते दाखवायला लागले.

शटल आणि टॅक्सीनं खाली आलो, नेरळला लोकलमध्ये खिडकी मिळाली, रात्री साडेनऊला घरी. गुडघा थोडा जड होता, सूज नव्हती. सकाळी पुन्हा बघितला, नव्हती.

रात्रपाळी ताई, पुढच्या महिन्यात तुमची सुट्टी कोणत्या वारी आहे? बाबांनी विचारायला सांगितलंय.