हॉलच्या भिंतीवर गेम पसरवायचा आहे: प्रोजेक्टर घ्यावा की एलईडी पट्टी?

चौथा_गिअर

मंडळी, सल्ला हवाय. पिंपळे सौदागरला भाड्याच्या टू बीएचकेत राहतो. हॉल दहा बाय चौदा, टीव्ही ४३ इंची, भिंतीवर टांगलेला. भिंत पिस्ता रंगाची (मालकांची आवड, माझी नाही). पीसीवर खेळतो, त्यातही नव्वद टक्के वेळ गाड्यांचे गेम. गेल्या दिवाळीत स्टिअरिंगही घेतलं.

डोक्यात किडा असा आहे की रस्ता टीव्हीच्या चौकटीपाशी संपू नये. झाडं शोकेसवरून, पडद्यावरून मागे पळत जावीत. २०१३ साली मायक्रोसॉफ्टचा इल्युमिरूमचा (गेम टीव्हीबाहेर भिंतीवर पसरवणाऱ्या प्रयोगाचा) व्हिडिओ पाहिला तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. ते कुठे विकत मिळतं का? नसेल तर पंचवीस हजारात काय जमेल? भिंतीला नवीन भोकं पाडायची नाहीत. आणि कृपया व्हीआर (डोळ्यांवर बांधायचा हेडसेट) सुचवू नका. मित्राकडे लावून पाहिला, दहा मिनिटांत गाडी लागली.

जुना_किनेक्टवाला

इल्युमिरूम दुकानात कधी आलंच नाही, त्यामुळे शोध थांबवा. तो मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाचा प्रयोग होता. जानेवारी २०१३ च्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात झलक दाखवली आणि त्याच वर्षी पॅरिसच्या सीएचआय या संगणक संशोधकांच्या परिषदेत शोधनिबंध मांडला. सामान म्हणाल तर रुंद फेकीचा एक प्रोजेक्टर आणि एक किनेक्ट, म्हणजे एक्सबॉक्सचा अंतर मोजणारा कॅमेरा. किनेक्ट खोलीचा नकाशा काढायचा, म्हणजे कपाट कुठे आणि टीव्ही कुठे हे यंत्राला कळायचं. मग बॉम्ब फुटला की अख्खी भिंत थरथरल्यासारखी दिसायची, टीव्हीतून सुटलेला हातगोळा खोलीत घरंगळत यायचा, बर्फ पडून तुमच्याच फर्निचरवर साचायचा.

पुढच्या वर्षी त्यांनी अख्खी खोलीच पडदा करणारं रूमअलाइव्ह केलं. त्यात सहा प्रोजेक्टर आणि प्रत्येकाला एक डेप्थ (अंतर मोजणारा) कॅमेरा. त्याचा कोड नंतर खुला केला, पण तो चालवायला संयम आणि जुने किनेक्ट दोन्ही लागतात. २०१५ मध्ये फिलिप्सने टीव्हीच्या पाठीमागेच नऊ चिमुकले प्रोजेक्टर बसवून अँबिलक्स टीव्ही दाखवला. २०१७ च्या सीईएसमध्ये गेमिंगचं सामान बनवणाऱ्या रेझरने प्रोजेक्ट अरियाना हा तसाच प्रोजेक्टर आणला, तोही प्रदर्शनापुरताच राहिला.

अडतं कुठे? टीव्हीच्या बाहेर काय आहे ते चित्र गेमनेच काढून द्यावं लागतं. ग्राफिक्स कार्डावर जादा बोजा, गेम बनवणाऱ्याला जादा काम आणि घेणारे मूठभर. शिवाय प्रत्येकाची भिंत वेगळी, सोफा वेगळा. असेटो कोर्सासारखे गाड्यांचे काही गेम तीन पडद्यांवर चालतात, विमान उडवणारी मंडळी तर वळणदार पडद्यावर तीन प्रोजेक्टर जोडून बसतात. पण ते हौशी वेगळे आणि त्यांचे खिसेही वेगळे.

तापकीर_गल्ली

प्रोजेक्टरच्या नादी लागू नका. टीव्हीच्या पाठीमागे कडेने एलईडी पट्टी लावा, स्क्रीनचे रंग भिंतीवर पसरतील आणि सुखी व्हाल. ४३ इंची टीव्हीचा घेर तीन मीटरच्या आत येतो. डब्ल्यूएस२८१२बी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येतो असा प्रकार) ची मीटरला ६० दिव्यांची पट्टी घेतलीत तर १८० दिवे. पूर्ण पांढऱ्यावर एक दिवा ६० मिलिअँपिअर धरा, म्हणजे जवळपास ११ अँपिअर. मीटरला ३० वाली घ्या, निम्म्यात भागतं आणि भिंतीवर प्रकाश पसरल्यावर फरक कळतही नाही. पाच व्होल्टचा बरा सप्लाय, एक ईएसपी३२ (छोटं कंट्रोलर बोर्ड), त्यात डब्ल्यूएलईडी हे दिवे चालवणारं सॉफ्टवेअर टाका आणि करंटची मर्यादा तिथेच बांधून द्या. पीसी आहे तर चित्र पकडणाऱ्या कॅप्चर कार्डाचीही गरज नाही, हायपेरियन किंवा हायपरएचडीआर सॉफ्टवेअर स्क्रीन वाचून पट्टीला रंग पाठवतं.

मोबाइलचा चार्जर लावून बघू म्हणाल, तर नको. मी तो शहाणपणा केलाय. लाल रंग ठीक चालला, बर्फाचा सीन आला आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाने पिवळट पडून मान टाकली. पट्टीला दोन्ही टोकांनी वीज द्या.

रात्रपाळी

तापकीर_गल्ली, पट्टी छानच आहे, पण विचारलंय काय ते बघा ना. त्यांना झाडं पळताना हवी आहेत. पट्टी रंग देते, हालचाल देत नाही. टीव्हीमागे हिरवा उजेड पसरला म्हणून शोकेसवरून झाड जात नाही.

चौथा_गिअर, मी हे माझ्या हॉलमध्ये चालवते, म्हणून सविस्तर लिहिते. कडेच्या नजरेला बारकावे दिसत नाहीत, पण हालचाल पटकन कळते. ट्रेनमध्ये शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटतं ना, तोच प्रकार. त्यामुळे भिंतीवरचं चित्र तीक्ष्ण असायची गरजच नाही. उलट धूसरच पाहिजे. म्हणजे महागडा फोर के प्रोजेक्टर नको, ऑफिसातून निकाली निघालेला जुना चालेल. माझा सात हजारांचा आहे. घेताना मेनूत जाऊन दिवा किती तास जळलाय ते बघा, तिथे बरेच जण फसतात.

आता करायचं काय ते. पीसीवर ओबीएस हे फुकट सॉफ्टवेअर टाका. गेम टीव्हीवर नेहमीसारखा चालू द्या. ओबीएसमध्ये गेम कॅप्चर घ्या, चित्र भिंतीएवढं मोठं करा, त्यावर ब्लरचं (चित्र धूसर करणारं) प्लगइन लावा. टीव्ही जिथे येतो तिथे काळा चौकोन ठेवा. मग राइट क्लिक केलं की मेनूत चक्क ‘फुलस्क्रीन प्रोजेक्टर’ असा पर्याय आहे, तो दुसऱ्या डिस्प्लेवर सोडा. झालं. काळा चौकोन टीव्हीच्या कडांवर बसवताना एक जण भिंतीपाशी आणि एक जण माउसवर असा खेळ करावा लागतो. आम्ही दोघं त्यावरून भांडलो आहोत.

हे खरं बाहेरचं दृश्य नाही, गेमचंच मोठं केलेलं चित्र आहे. पण गाडीच्या गेममध्ये सगळं मधून बाहेर धावतं. टीव्हीतही बाहेर, भिंतीवरही बाहेर, त्यामुळे डोळा फसतो. फुटबॉलमध्ये हे अजिबात चालत नाही, मैदान दोनदा दिसतं.

जुना_किनेक्टवाला

ओबीएसने दोन-चार फ्रेम मागे पडतील की.

रात्रपाळी

पडतात. ब्लरमध्ये कळत नाही. स्टिअरिंग तुम्ही टीव्हीकडे बघून फिरवता, भिंतीकडे बघून नाही. टीव्ही मात्र गेम मोडवर ठेवा, म्हणजे त्यावरचं चित्र मागे पडत नाही.

चौथा_गिअर

ताई, हे भारी आहे! प्रोजेक्टर ठेवायचा कुठे पण? टीपॉयवर ठेवायला अल्ट्रा शॉर्ट थ्रो घ्यावा का? मागे ठेवला तर डोक्याची सावली पडेल.

रात्रपाळी

अल्ट्रा शॉर्ट थ्रो, म्हणजे अगदी जवळून फेकणारा प्रोजेक्टर, मुळीच नको. तो भिंतीला लागून खालून वर फेकतो. टीव्ही भिंतीपासून तीन-चार इंच पुढे आलेला असतो, त्यामुळे टीव्हीच्या वर लांबलचक सावली पडते. बरोबर जिथे आभाळ हवं तिथे काळोख.

साधा प्रोजेक्टर सोफ्यामागे, उंचावर ठेवा. त्याच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो असतो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी. १.५ असेल तर आठ फूट रुंद चित्राला बारा फूट अंतर लागतं. तुमचा हॉल चौदा फुटी, म्हणजे मागच्या कपाटावर ठेवलात की बसतं. की-स्टोन (तिरकं चित्र सरळ करायची सोय) कमीत कमी वापरा, शक्य तितकं यंत्रच सरळ ठेवा. दोन गोष्टी आधीच सांगते. स्वस्त प्रोजेक्टरचा काळा रंग हा खरं तर राखाडी असतो, टीव्हीवर थोडा उजेड पडणारच. आणि टीव्हीची काच चकचकीत असेल तर भिंगाचं प्रतिबिंब डोळ्यात येतं. कपाटावर प्रोजेक्टर अर्धा फूट बाजूला सरकवला की जातं.

पिस्ता भिंतीचं टेन्शन घेऊ नका. ओबीएसमध्ये कलर करेक्शन आहे, हिरवा थोडा उतरवा.

खिडकीतली_मांजर

एक शंका. व्हीआरने गाडी लागते म्हणताय आणि अख्खी भिंत पळवणार? आलं-लिंबू जवळ ठेवा.

रात्रपाळी

चेष्टा असली तरी मुद्दा बरोबर आहे. भिंतीची चमक निम्म्याच्या खाली ठेवा. खोलीत एक छोटा दिवा चालू असू द्या, म्हणजे डोळ्याला न हलणारं काहीतरी दिसतं. घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल तर हे करूच नका.

चौथा_गिअर

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय. मावसभावाच्या ऑफिसात एक जुना प्रोजेक्टर धूळ खात पडला होता, तो उचलून आणला. पुस्तकांच्या कपाटावर, खाली दोन टेलिफोन डिरेक्टऱ्या. (त्या अजून आहेत घरात, हो.)

पहिल्या दिवशी ब्लर न लावताच चालवलं. शोकेसमधल्या बहिणीच्या कथकच्या ट्रॉफ्यांवर झाड आलं की ते सात तुकड्यांत फुटायचं. पडद्याच्या चुण्यांवर रस्ता लाटांसारखा हलायचा. पाच मिनिटांत पोटात ढवळलं, मांजरबाई जिंकल्या. मग ब्लर वाढवला, चमक चाळीस टक्क्यांवर आणली, ट्रॉफ्यांवर चादर टाकली. आणि मग जमलं! बोगद्यातून बाहेर पडताना सगळी भिंत एकदम उजळते, तेव्हा मी चक्क डोळे बारीक केले.

आईला कौतुक दाखवायला बसवलं. ती म्हणाली, घरबसल्या खंबाटकी घाट लागला, आता वडे कुठे मिळतील ते सांग.

एक अडचण आहे. पंखा फार घरघर करतो, हेडफोन लावूनही ऐकू येतो. काही उपाय?

तापकीर_गल्ली

आधी फिल्टर काढून ब्रशने साफ करा, ऑफिसातला म्हणजे पाच वर्षांची धूळ असणार. मग मेनूत इको मोड लावा. चमक तुम्ही तशीही चाळीसवर ठेवलीये, काही बिघडत नाही. पंखा हळू होईल, दिवाही जास्त टिकेल. आणि बंद करताना पंखा थांबेपर्यंत मेन स्विच दाबू नका.

पट्टीचं मात्र मनावर घ्या. फुटबॉलसाठी.