जुनी शिलाई मशीन घेताना भाव नेमका कसा करायचा?

हडपसरची_लेक

नमस्कार. ब्लाऊज-परकराचा साधा क्लास लावलाय. घरी सरावाला मशीन हवी आहे, पण 3,000 च्या वर एक रुपया जाऊ शकत नाही. रविवारी आईबरोबर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले होते. एक काळी, पायाची मशीन आवडली. विकणारा 4,500 म्हणाला. मैत्रिणीने सांगितलं होतं की निम्म्याच्या खालीच मागायचं, म्हणून मी 2,000 म्हटलं. त्याने तोंडच फिरवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. पुढे काय बोलायचं ते सुचेना, परत आले. अशा वेळी काय बोलतात? कितीने सुरुवात करतात?

धनकवडीची_शिलाईवाली

अगं, निम्म्यावर मागायचं असा काही नियम नाही. तू 2,000 कशावरून म्हणालीस हे त्याने विचारलं असतं तर तुला सांगता आलं असतं का? त्याला ते कळलं, म्हणून त्याने तोंड फिरवलं.

मी 22 वर्षं ब्लाऊज शिवतेय. स्वतःसाठी आणि माझ्याकडे शिकून गेलेल्या मुलींसाठी मिळून 9 जुन्या मशिनी घेतल्या. जाताना पिशवीत चार वस्तू असतातच: मांजरपाटाचा हातभर तुकडा, पांढरं रीळ, लाल दोरा भरलेली बॉबिन आणि 16 नंबरची कोरी सुई.

आधी सुई बदलायची. टीप सुटली की विकणारा हमखास म्हणतो, "सुई खराब आहे ताई, बाकी मशीन एक नंबर." आपली कोरी सुई लावली की हे बोलणंच राहत नाही. मग वर पांढरा दोरा, खाली लाल. कापडाची दुहेरी घडी करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ टीप मारायची आणि तुकडा उजेडात धरायचा. वरच्या अंगाला लाल ठिपके डोकावत असतील तर टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू थोडा फिरवावा लागेल इतकंच. त्याचे पैसे कापायला जाऊ नकोस, ज्याला मशीन कळते तो तुझ्याकडे बघून समजेल की हिला कळत नाही. पण मध्येच टाके गाळले असतील तर दुखणं बहुतेक शटलमध्ये, म्हणजे खाली बॉबिनजवळ सुईचा दोरा पकडणाऱ्या भागात आहे. शटल बाहेर काढून त्याच्या टोकावरून नख फिरव. नख अडलं तर टोक खराब झालंय. कापड पुढे सरकताना अडखळत असेल तर खालचे दात झिजलेत. हे दोन्ही बदलून मिळतं, फार खर्च नाही, पण खर्च आहे आणि तो भावातून वजा व्हायला हवा.

नंतर दोरा काढून चाक हाताने हळूहळू फिरव. सगळीकडे सारखंच जड लागत असेल तर खूश हो. वर्षानुवर्षं पडून तेल गोंदासारखं घट्ट झालेलं असतं, रॉकेल आणि मशीनचं तेल मिळालं की सुटतं. विकणाऱ्याला मात्र जड मशीन विकणं अवघड जातं, म्हणून तिथे भाव उतरतो. एकाच जागी अडत असेल तर शटल काढून पुन्हा फिरव, कधी कधी तिथे दोरा गुंतलेला असतो. तरीही त्याच जागी अडलं तर फुकट दिली तरी घेऊ नकोस.

आणि खालून बघ. मी 2009 साली रंगाला भुलले होते. काळा कुळकुळीत नवा रंग, सोनेरी वेलबुट्टी, मोठ्या कंपनीचं नाव. 2,800 मोजले. पंधरा दिवसांत जाड कापड शिवताना करकर सुरू झाली. मिस्त्रीने उलटी करून दाखवलं, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बॉडीला चीर होती आणि वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला. त्या माणसाला शोधत गेले तर त्याच जागी दुसराच कुणी जुनी घड्याळं मांडून बसला होता. तेव्हापासून नवा रंग दिसला की मी हात आखडता घेते. नुसत्या स्टिकरवरच्या नावाचे जास्त पैसे तर अजिबात देत नाही. लुधियानात ढीगभर मशिनी आणि सुटे भाग बनतात, त्यांवर स्टिकर कुठलंही चिकटवता येतं.

आता भावाचं. जायच्या आदल्या दिवशी तुमच्या भागातल्या मिस्त्रीकडून शटल, दात, पट्टा आणि सर्व्हिसिंगचे दर लिहून घे. बाजारात भाव आधी त्याला सांगू दे. मशीनला नावं ठेवू नकोस, तो तुकडा त्याच्यासमोर ठेव आणि म्हण, "दादा, इथे आणि इथे टीप सुटलीय. शटल आणि सर्व्हिसिंगला मला 900 लागणार आहेत. ते धरून सांगा." मग गप्प बस. तो 500 उतरेल, नाहीतर म्हणेल की जमत नाही. जमत नसेल तर नंबर घे आणि नीघ. बुधवारी पुन्हा जा, रविवारसारखी झुंबड नसते, दोन शब्द नीट बोलता येतात. सकाळी भवानीच्या वेळी पुष्कळ जण थोडं कमी घेऊन सोडून देतात. पण त्या वेळी तू बोललेल्या भावाला तो हो म्हणाला तर घ्यायचीच, माघार घ्यायची नाही.

तुझ्यासारखीला सगळ्यात कामाचं म्हणजे स्टँड सोडून नुसत्या मशीनचा भाव विचारणं. जुने बिडाचे स्टँड हल्ली कॅफेवाले टेबलाला घेऊन जातात, त्यामुळे 4,500 मधला बराचसा भाव स्टँडचा असू शकतो.

एक मात्र सांगते. बाईने स्वतःची मशीन विकायला काढली असेल तर एवढी घासाघीस करू नकोस. 2020 च्या टाळेबंदीत आमच्या मागच्या चाळीतल्या एकीने 3,000 ला मशीन काढली. विकत होती आणि हात मशीनवरून हलत नव्हता. मी 3,000 दिले आणि वर्षभर दुसऱ्या कुणाला द्यायची नाही असं ठरवलं. दिवाळीनंतर येऊन तेवढ्यालाच परत घेऊन गेली. व्यापाऱ्याशी भाव करायचा, गरजेशी नाही, असं मला मनापासून वाटतं.

मशीनमिस्त्री_कोल्हापूर

वरच्या ताईंनी सगळं बरोबर सांगितलंय. फक्त एक: सुईदांडा दोन बोटांत धरून पुढे-मागे हलवून बघा. खडखड हलला तर आतलं बुश (दांडा ज्यातून सरकतो ती नळी) गेलंय, टीप वाकडी येत राहणार. आणि जमलं तर दुरुस्तीवाल्याकडूनच घ्या. तो 500 जास्त घेईल, पण दोन-तीन महिने काही झालं तर मशीन त्याच्याच दारात नेता येते.

टेक्सासची_मावशी

मी इथे तारणाच्या दुकानातून मशीन घेतली. इकडे लोक गिटार, ड्रिल, मशीन, काहीही गहाण टाकतात आणि मुदतीत सोडवलं नाही तर वस्तू दुकानाची होते. दुकानाने कर्ज म्हणून दिलेली रक्कम वस्तूच्या विक्रीच्या किमतीपेक्षा बरीच कमी असते, म्हणून चिठ्ठीवरचा आकडा हलतो. मी एवढंच विचारते, "ही किती दिवस पडून आहे?" जितकी जुनी, तितका दुकानदार मऊ. आमच्या शहरात वर 8.25 टक्के विक्रीकर लागतो, म्हणून भाव करताना कर धरून एकच आकडा बोलायचा. सोबत दोरा-कापड मीही नेते, आईची शिकवण.

हडपसरची_लेक

काल बुधवारी गेले. तीच मशीन तिथेच होती! सुई बदलली, टीप मारली, आठ-दहा टाके सुटले. चाक सगळीकडे सारखं जड. तुकडा समोर ठेवला आणि 900 चं सांगितलं. तो तुकड्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "कुठे शिकता?" स्टँड सोडून 2,600 ला दिली. नाव आणि फोन कागदावर लिहून घेतला. आत्याकडे मोडक्या मशीनचं स्टँड पडून आहे, ते रविवारी आणणार. आता आधी काय करू?

धनकवडीची_शिलाईवाली

शाब्बास गं! आधी शटल काढून आतला जुना दोरा आणि कचरा ब्रशने साफ कर. तेलाच्या प्रत्येक भोकात दोन थेंब रॉकेल, चाक फिरव, रात्रभर ठेव. गॅसजवळ नको. सकाळी पुसून मशीनचं तेल घाल. खोबरेल अजिबात नको, ते गोठतं. मग दोन दिवस फक्त चिंध्यांवर चालव, काळं तेल बाहेर येत राहील. चिंधी कोरी निघायला लागली की शटल बदलून घे आणि ब्लाऊजचं कापड लाव.