"ज्याला लपवण्यासारखं काही नाही त्याने घाबरायचं कशाला?" या कनेक्टेड गाडीवाल्या पोस्टला उत्तर

रस्तेमाप
काल घाटवळण यांनी लिहिलं, की कनेक्टेड (इंटरनेटने कंपनीच्या सर्व्हरला जोडलेल्या) गाडीच्या नावाने ओरडणारे सगळे खिशात स्मार्टफोन घेऊन फिरतात, गाडी चोरीला गेली की पहिला फोन कंपनीलाच लावतात, आणि ज्याला लपवण्यासारखं काही नाही त्याने घाबरायचं कशाला. वाचून राहवलं नाही.

फोनचं लोकेशन बंद करता येतं, फोन घरी ठेवता येतो. गाडीतल्या टीसीयूचं (टेलिमॅटिक्स कंट्रोल युनिट) काय करणार? डॅशबोर्डमागे बसवलेला, ई-सिम असलेला हा डबा वेग, ब्रेक, दरवाजे, जीपीएस असं सगळं उचलून सर्व्हरला पाठवू शकतो, आणि तो पूर्ण बंद करायचं बटण बहुतेक गाड्यांच्या मेनूत सापडत नाही. डिलिव्हरीच्या दिवशी हार-पेढे-फोटोंच्या गडबडीत सेल्समन तुमचा फोन घेऊन ॲप चालू करून देतो, अटी 'मान्य'सुद्धा तोच करतो. ही संमती झाली?

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या (जीएम) 'ऑनस्टार स्मार्ट ड्रायव्हर' या गाडी चालवण्याच्या सवयी मोजणाऱ्या सुविधेतून जोरात मारलेले ब्रेक, रात्रीचं ड्रायव्हिंग हा तपशील लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या डेटा विकणाऱ्या कंपन्यांकडे जात होता, तिथून विमा कंपन्यांकडे. मार्च २०२४ मध्ये बातमी फुटल्यावर जीएमने तो देणं बंद केलं. एफटीसी या तिथल्या ग्राहक-संरक्षण बघणाऱ्या सरकारी आयोगाच्या तक्रारीत तर काही वेळा दर ३ सेकंदांनी लोकेशन घेतल्याचं आहे. हप्ते वाढले त्या लोकांनी काय लपवलं होतं?

घाटवळण
अमेरिकेचा विमा इथे आणू नका. आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, तोही इंजिनच्या सीसीवर: १००० पर्यंत, १५०० पर्यंत, त्यापुढे. तुम्ही ब्रेक कसा मारता याचा तिथे संबंध नाही. उरलं ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. तिथे 'पे हाऊ यू ड्राइव्ह'ला (जसं चालवाल तसा हप्ता) विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये परवानगी दिली ती ॲड-ऑन, म्हणजे ऐच्छिक जोड म्हणून. नको असेल तर घेऊ नका.

आणि फायदे बोलायचेच नाहीत का? बऱ्याच गाड्यांत एअरबॅग उघडली की टीसीयू स्वतः कॉल लावतो. ताम्हिणीत रात्री दोन वाजता गाडी दरीत गेली आणि चालक बेशुद्ध असला, तर दुसरं कोण फोन करणार?

स्पॅनर
दोघे भांडत बसा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर तक्ता असतो, त्यात टेलिमॅटिक्सचा फ्यूज शोधा आणि काढून ठेवा. विषय संपला.

वायरिंग_हार्नेस
स्पॅनर, असले सल्ले देऊ नका. काही मॉडेल्समध्ये ब्लूटूथ कॉलचा माइक टीसीयूमधूनच जातो, फ्यूज काढला की समोरच्याला आवाज जात नाही. एसओएस, म्हणजे आणीबाणीचा कॉल, बंद पडतो, त्याचा लाल दिवा लागून राहतो. काही टीसीयूंना स्वतःची छोटी बॅटरी असते, त्यामुळे फ्यूज काढला तरी डबा थोडा वेळ जागा राहतो. एकाच फ्यूजवर दुसरं सर्किट असलं तर तेही जातं. छतावरच्या शार्क फिन अँटेनाची केबल उपटणाऱ्यांनीही ऐका, बऱ्याच गाड्यांत तिथूनच एफएम आणि नेव्हिगेशनचा जीपीएस येतो. पुढे इलेक्ट्रिकल बिघाड झाला की सर्व्हिस सेंटर वॉरंटीवर बोट ठेवायला मोकळं.

टोलग्रस्त
टीसीयूचं कौतुक पुरे. फास्टॅगवर बोला. कुठल्या नाक्यावर किती वाजता होतो, सगळी नोंद. एक्सप्रेसवेवर आता कॅमेरे नंबर प्लेट वाचून चलन पाठवतात. त्यावर कोणी ब्र काढत नाही!

रस्तेमाप
फास्टॅगला स्वतःची बॅटरी नाही, नाक्यावरचा रीडर जवळून वाचतो तेव्हाच नोंद होते. दोन नाक्यांमध्ये तुम्ही कुठल्या दवाखान्यासमोर थांबलात ते त्याला कळत नाही. वेगळा धागा काढा, तिथे येतो.

अबोली
सगळे कंपनी आणि सरकारवर घसरलात. गाडी नवऱ्याच्या नावावर, ॲप त्याच्या फोनवर, चालवते बायको. जिओफेन्स (ठरवलेल्या हद्दीबाहेर गाडी गेली की सूचना), ट्रिप हिस्टरी, स्पीड अलर्ट, सगळं त्याच्या स्क्रीनवर. ती माहेरी गेली की वकिलाकडे, हे त्याला घरबसल्या कळतं. "लपवण्यासारखं काय" हे तिला विचारून दाखवा.

घाटवळण
ताई, तो नवऱ्याचा दोष. ॲपवर कशाला ढकलता?

अबोली
कारण ॲप चालू असल्याचं चालवणाऱ्याला गाडी सांगतच नाही! लोकेशन जातंय असा ठळक दिवा डॅशबोर्डवर लावायला किती खर्च येतो?

वायरिंग_हार्नेस
याहून सर्रास घडणारं सांगतो. सेकंड हँड गाडी. मालकी बदलाचे फॉर्म २९-३० भरले, आरसी नावावर झाली, पण कंपनीच्या सर्व्हरवर जुनाच मालक. आरटीओचा आणि ॲपचा काही संबंध नाही. एक्स्चेंजवाले पॉलिश मारतात, ब्लूटूथची यादी पुसत नाहीत. जुन्या मालकाचे कॉन्टॅक्ट, घरचा पत्ता सगळं स्क्रीनवर तसंच.

स्पॅनर
फॅक्टरी रीसेट मारला की झालं.

वायरिंग_हार्नेस
नाही होत! रीसेटने स्क्रीनमधलं पुसलं जातं, सर्व्हरवरचं खातं तसंच राहतं. व्यवहाराच्या दिवशी गाडी मोकळ्या जागेत घ्या, बेसमेंटमध्ये टीसीयूला रेंज नसते. विकणाऱ्याला त्याच्या फोनवरून गाडी ॲपमधून काढायला सांगा. मग त्याच ॲपमधून 'लॉक' दाबायला लावा. दरवाजे खट्कन लागले तर गाडी अजून त्याच्याच ताब्यात आहे. फोनने गाडी उघडणारी डिजिटल की असेल तर ती वेगळी रद्द करावी लागते. रीसेट सगळ्यात शेवटी. मग आरसीची प्रत आणि चॅसिस नंबर देऊन आपल्या नावाने नोंदणी.

टोलग्रस्त
विकणारा फोनच उचलत नसेल तर?

वायरिंग_हार्नेस
म्हणून काही रक्कम हातात ठेवायची, लॉकची चाचणी झाल्यावर द्यायची. पैसे आधीच दिले असतील तर नवी आरसी जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल. फोनवर बोलून भागत नाही, लेखी हवं.

घाटवळण
हे मान्य करतो, जुन्या मालकाचं मी धरलं नव्हतं. तरी चोरीच्या ट्रॅकिंगला माझा पाठिंबा कायम.

रस्तेमाप
सराईत चोर सिग्नल अडवणारा जॅमर लावतो, तरी ट्रॅकिंग ठेवा, कोणी काढा म्हटलं नाही. पण चोरीची तक्रार आल्यावर लोकेशन बघणं वेगळं आणि रोजची ट्रिप साठवून ठेवणं वेगळं. फोक्सवॅगनच्या कॅरियाड या सॉफ्टवेअर कंपनीने साठवलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांचा डेटा उघडा पडल्याचं बाहेर आलं. त्यातल्या साधारण ४ लाख ६० हजार गाड्यांचं अचूक लोकेशन होतं. आपल्या २०२३ च्या डेटा कायद्यात संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं असं लिहिलंय. मग ट्रिप हिस्टरी बंद करायचं बटण गाडीच्या स्क्रीनवर, पहिल्या पानावर द्या. एवढंच मागतोय.

घाटवळण
बटण द्या. पण एअरबॅगचा कॉल त्या बटणाने बंद होता कामा नये.

रस्तेमाप
नाहीच होता कामा.