झोनचे अधिकार कुठे अडतात

"नागपूर मनपाच्या दहाही झोनला अधिकार द्या, प्रश्न सुटतील" असं काही जण म्हणतात. कागदावर अधिकार आहेतच हो! महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ नुसार झोनची प्रभाग समिती ५ लाखांपर्यंतच्या कामाला प्रशासकीय व आर्थिक मंजुरी देऊ शकते. पण मंजूर अर्थसंकल्पात त्या कामाची ठरावीक तरतूद लागते, आणि गाडी नेमकी तिथेच अडते. म्हणून गडरलाइनची (सांडपाण्याच्या वाहिनीची) मागणी डिसेंबरच्या आत द्या: गल्ली, लांबी, पाईपचा व्यास, किती चेंबर फुटले, सगळं लिहून. अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर दिलेला अर्ज फायलीतच राहतो. मागणी देण्याआधी तुमचं ले-आउट (प्लॉट पाडलेली वस्ती) मनपाकडे हस्तांतरित झालंय की अजून नागपूर सुधार प्रन्यासकडेच (नासुप्र) आहे, ते बघा. १९३६ च्या कायद्याची नासुप्र आणि मनपा एकाच शहरात. टोलवाटोलवी तिथूनच सुरू होते.